दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावताना: पॅरलल पार्किंग पायरीपायरीने

गाडी चालवता येते, लायसन्सही हातात आहे, पण फूटपाथलगत उभ्या असलेल्या दोन गाड्यांमध्ये रिकामी जागा दिसली की तिच्याकडे न पाहिल्यासारखे करून पुढे निघून जायचे. मग सरळ नाक घालून गाडी लावता येईल अशी जागा सापडेपर्यंत फिरायचे आणि उरलेले अंतर पायी कापायचे. हे तुमचे होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

शिकवणारे बहुतेक जण स्टेअरिंग कधी आणि किती फिरवायचे यावर भर देतात. ते पाठ करून मैदानात जमतेही, पण रस्त्यावर फसते. माझे मत असे की हे पार्किंग बिघडते ते रिव्हर्स टाकण्याच्या आधी. सुरुवातीला गाडी चुकीच्या ठिकाणी उभी केली की नंतर स्टेअरिंगशी कितीही झटापट केली तरी ती नीट बसत नाही. सुरुवात नेमकी झाली, तर पुढचे काम दोन वळणांचे. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये चौथी सगळ्यात लांब आहे. ती घाईने वाचू नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. स्टेअरिंग उजवीकडे असलेली गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावायची आहे, असे धरून सगळे लिहिले आहे. तुमच्याकडे वाहतूक उजव्या बाजूने चालत असेल तर डावे-उजवे उलट करून वाचा. बाकी काहीही बदलत नाही.

आधी हे समजून घ्या: गाडी मागे जाताना काय होते

गाडीची पुढची चाके वळतात, मागची वळत नाहीत. मागची चाके फक्त पुढे-मागे फिरतात, आडवी सरकत नाहीत. त्यामुळे फूटपाथपासून दोन-अडीच मीटर दूर असलेली गाडी बाजूला ढकलून कडेला लावण्याची सोयच नाही. एका वळणाने आत शिरायचे आणि उलट्या वळणाने सरळ व्हायचे, एवढा एकच मार्ग उरतो. (गेल्या शतकात अमेरिकेत ब्रूक्स वॉकर नावाच्या गृहस्थांनी गाडीच्या मागे एक आडवे पाचवे चाक बसवून पाहिले होते. ते खाली टेकवले की गाडीचा मागचा भाग उचलला जायचा आणि सरळ बाजूला सरकायचा. कल्पना झकास होती, पण बाजारात काही रुजली नाही. आपल्याला वळणेच शिकायला हवीत.)

आता प्रश्न असा की नाक आधी का घालायचे नाही? पुढे जात वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा लहान वर्तुळात फिरतात, म्हणजेच कोपरा कापतात. अरुंद जागेत नाक घातले तर बोनेट आत जाते, पण मागचा भाग रस्त्यावर लोंबकळत राहतो आणि मागचे चाक फूटपाथवर चढायला बघते. मागे जाताना उलट होते. मागचा भाग आधी जागेवर बसतो आणि वळणारी चाके पुढे असल्यामुळे नाक शेवटी हवे तिथे फिरवून आणता येते. म्हणूनच तेवढ्याच जागेत रिव्हर्सने गाडी बसते आणि नाकाने बसत नाही.

याला एक किंमत आहे. मागे जाताना तुम्ही डावीकडे काटलेत की नाक उजवीकडे, म्हणजे चालत्या रस्त्यावर, बाहेर फेकले जाते. नवख्या माणसाचे सगळे लक्ष मागच्या बंपरवर असते आणि धोका मात्र पुढच्या उजव्या कोपऱ्याजवळ असतो. एवढे एक वाक्य डोक्यात पक्के बसले तरी बरेच अपघात टळतील.

१. सरावाचे सामान आणि कागदपत्रे

सरावाला दोन खऱ्या गाड्या वापरू नका. पुढील गोष्टी पुरतात:

- पुठ्ठ्याची चार मोठी खोकी किंवा रिकाम्या बादल्या. त्यात उभ्या करायला झाडूचे दांडे किंवा काठ्या
- मोजपट्टी
- खडू, किंवा फूटपाथची कड दाखवायला एक लांब दोरी
- शक्य असल्यास बाहेर उभा राहून बघणारा एक शांत माणूस
- लायसन्स आणि गाडीचे व इन्शुरन्सचे कागद. शिकाऊ लायसन्स असेल तर शेजारच्या सीटवर पक्के लायसन्स असलेली व्यक्ती

काठ्या हव्यातच. नुसती बादली किंवा शंकूच्या आकाराचा बुटका कोन ठेवला तर गाडी जवळ गेल्यावर तो मागच्या काचेतून आणि आरशातून दिसेनासा होतो. मग तुम्ही अंदाजाने चालवता आणि चुकीची सवय लागते. काठी निदान छातीइतकी उंच असावी.

जागा रिकामी, सपाट आणि मुले खेळत नसतील अशी निवडा. चार काठ्या आयताच्या चार कोपऱ्यांवर उभ्या करा: पुढच्या दोन म्हणजे समोरच्या गाडीचा मागचा बंपर, मागच्या दोन म्हणजे मागच्या गाडीचे नाक. सुरुवातीला लांबी तुमच्या गाडीच्या दुप्पट ठेवा आणि हात बसला की कमी करत आणा.

२. स्वतःच्या गाडीची ओळख

सराव सुरू करायच्या आधी हे करून घ्या.

गाडीची लांबी आणि रुंदी मोजा, किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत बघा. लहान हॅचबॅक चार मीटरच्या आत असते, मध्यम सेदान साधारण साडेचार मीटर. मोजलेली लांबी जमिनीवर खडूने आखून बाजूला उभे राहा. बहुतेकांना आपली गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटत असते.

चाके सरळ असताना सुरुवात करून स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा आणि किती फेरे बसतात ते मोजा. बऱ्याच गाड्यांत मधल्या स्थितीपासून एका टोकापर्यंत सुमारे दीड फेरा असतो. हा आकडा महत्त्वाचा, कारण पुढे 'स्टेअरिंग सरळ करा' असे जिथे येईल तिथे तितकेच फेरे उलटे फिरवायचे आहेत. स्टेअरिंगवरचे कंपनीचे चिन्ह सरळ दिसते म्हणून चाके सरळ असतील असे नाही. एक पूर्ण फेरा बाकी असतानाही ते सरळच दिसते. शंका आली तर गाडी इंचभर हलवा, ती कुठे जाते त्यावरून लगेच कळते.

आरसे लावताना डावा आरसा नेहमीपेक्षा थोडा खाली झुकवा, इतका की मागचे डावे चाक आणि त्याखालची जमीन दिसेल. काही गाड्यांत रिव्हर्स टाकल्यावर तो आपोआप झुकतो. गाडी लावून झाली की आरसा परत वर घ्यायचा. हे विसरले जाते आणि मग निघताना मागचे काही दिसत नाही.

बाहेरचे आरसे बहुधा बहिर्वक्र असतात. त्यांत जास्त परिसर दिसतो, पण सगळे लहान आणि लांब भासते. आतला आरसा सपाट असतो, त्यात अंतर खरे दिसते. बाहेरच्या आरशात 'अजून बरीच जागा आहे' असे वाटले तर एकदा आतल्या आरशात बघून खात्री करा.

३. ही जागा पुरेल का?

२००९ मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजमधील गणिताचे प्राध्यापक सायमन ब्लॅकबर्न यांनी व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कार कंपनीसाठी याचे सूत्रच मांडले. गाडी किती लहान वर्तुळात वळते, पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, पुढच्या चाकापासून बंपरपर्यंतची लांबी आणि समोर उभ्या गाडीची रुंदी, हे चार आकडे त्यात घालायचे. पाच मीटर त्रिज्येत वळणाऱ्या एखाद्या लहान हॅचबॅकची मापे घालून मी ते सोडवले, तेव्हा उत्तर दीड मीटरच्या आसपास आले. म्हणजे गाडीच्या लांबीपेक्षा दीड मीटर जास्त जागा असेल, तर पुढे-मागे न करता एका दमात गाडी आत बसू शकते.

हे झाले नेमक्या हाताचे गणित. नवशिक्याने गाडीच्या लांबीच्या दीडपट जागा असल्याशिवाय प्रयत्नच करू नये. रस्त्यावर मोजपट्टी काढता येत नाही, म्हणून रिकाम्या जागेच्या बाजूने हळू जाताना बघा: तुमची गाडी तिथे ठेवली तर पुढे आणि मागे एकेक मोठे पाऊल टाकण्याइतकी जागा उरते का? नसेल तर निघा पुढे. 'बघू, जमेल' म्हणून शिरलेली गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर अडकते आणि मागे रांग लागते.

जागा पुरेशी आहे म्हणजे ती योग्यच आहे असे नाही. वळणाजवळ, कोणाच्या फाटकासमोर, झेब्रा क्रॉसिंगवर, बस थांब्यावर किंवा अग्निशमनाच्या नळाजवळ जागा रिकामी दिसते, ती रिकामी ठेवायची म्हणूनच. पाटी वाचा. आणखी एक: समोरच्या गाडीत माणूस बसलेला असेल किंवा तिचे दिवे लागलेले असतील तर थोडे थांबा. तुम्ही अर्धे आत असताना ती हलली तर तुमच्या सगळ्या खुणा चुकतात.

४. सुरुवातीची जागा: सगळे इथे ठरते

जागेच्या पुढे जी गाडी उभी आहे, तिच्या शेजारी जाऊन थांबायचे आहे. इथे तीन गोष्टी एकाच वेळी बरोबर असाव्या लागतात.

पहिली, दोन गाड्यांमधले आडवे अंतर. साधारण पाऊण मीटर ठेवा. समोरच्या गाडीचे दार अर्धवट उघडता येईल इतके. अंतर यापेक्षा कमी असले, तर मागे वळताना तुमच्या गाडीची डावी बाजू तिच्या मागच्या उजव्या कोपऱ्याला घासते. जास्त असले, तर कडेपर्यंत पोहोचायला तिरपे अंतर जास्त कापावे लागते आणि गाडी फूटपाथपासून लांबच राहते. नवखी माणसे घासण्याच्या भीतीने दीड-दीड मीटर लांब उभी राहतात आणि मग 'माझी गाडी कडेला लागतच नाही' म्हणतात. कारण तिथेच असते.

दुसरी, पुढे-मागे कुठे थांबायचे. तुमचा मागचा बंपर आणि तिचा मागचा बंपर एका रेषेत आले पाहिजेत. ड्रायव्हरच्या सीटवरून स्वतःचा बंपर दिसत नाही, म्हणून आपल्या गाडीत एक खूण शोधून ठेवावी लागते. सरावाच्या मैदानात काठीशी बंपर जुळवून घ्या, तिथेच थांबून डावीकडे वळून बघा: काठी मागच्या दाराच्या काचेत कुठे दिसते? कदाचित मागच्या लहान तिकोनी काचेच्या मधोमध, कदाचित काचेच्या कडेला. प्रत्येक गाडीत आणि प्रत्येकाच्या उंचीनुसार ही खूण वेगळी येते, त्यामुळे दुसऱ्याची खूण उसनी घेऊ नका. सीट पुढे-मागे केली तरी ती बदलते. काचेवर कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावलात तरी चालेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एक अडचण: समोरची गाडी तुमच्या गाडीपेक्षा खूप लांब किंवा आखूड असू शकते. अशा वेळी पुढचे आरसे किंवा पुढची दारे जुळवायचा मोह होतो, कारण ती समोर दिसतात. ते करू नका. तिचे नाक कुठे आहे याच्याशी तुमचा संबंध नाही. आपल्याला ओलांडायचा आहे तो तिचा मागचा कोपरा. म्हणून बंपरशी बंपर.

तिसरी गोष्ट, गाडी फूटपाथला समांतर हवी. जागेसमोर येताना लोक थोडे उजवीकडे झोकून मग थांबतात, त्यामुळे गाडी किंचित तिरकी उभी राहते. ती तिरकी असेल तर पुढच्या साऱ्या खुणा तेवढ्याच तिरक्या होतात. थांबण्याआधी चार-पाच मीटर सरळ चालवत या.

या तिन्हींपैकी एक जरी चुकली असे वाटले तर थोडे पुढे जा, मागे या, पुन्हा जुळवा. इथे घालवलेला अर्धा मिनिट पुढची कसरत वाचवतो.

५. इशारा आणि नजर

जागा निवडली त्या क्षणी डावा इंडिकेटर द्या आणि ब्रेक हळू लावा, म्हणजे मागच्याला कळेल की तुम्ही फक्त वेग कमी करत नाही, थांबणार आहात. जागेच्या शेजारी पोहोचून मग इंडिकेटर दिला तर मागची गाडी आधीच तुमच्या बंपरला येऊन चिकटलेली असते आणि तुम्हाला मागे जायला वाव राहत नाही. थांबल्यावर लगेच रिव्हर्स टाका. पांढरा दिवा लागला की मागच्यांना हेतू स्पष्ट होतो.

आता हलण्यापूर्वी पूर्ण नजर फिरवा: उजवा आरसा, उजव्या खांद्यावरून मागे, आतला आरसा, मागची काच, डावा आरसा, डाव्या खांद्यावरून फूटपाथ. दुचाकी आणि सायकली तुमच्या डावीकडून, फूटपाथच्या बाजूनेही घुसतात. लहान मूल मागच्या काचेपेक्षा बुटके असते आणि आरशात दिसेलच असे नाही. फूटपाथवर मुले असतील तर ती नजरेच्या टप्प्यात उभी दिसेपर्यंत हलू नका.

६. पहिले वळण: शेपूट आत

ब्रेकवर पाय. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण काटा. उभ्या गाडीत पूर्ण स्टेअरिंग फिरवणे टायरला फारसे मानवत नाही, पण शिकताना ते चालवून घ्या. सराव झाला की गाडी जेमतेम सरकत असताना फिरवायची सवय लावा.

आता अगदी हळू मागे या. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हळू. गिअरची गाडी असेल तर सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरची गरज बहुधा पडत नाही. हाफ क्लचवर गाडी सरकते आणि ब्रेकने आवरता येते. क्लच फार वेळ अर्धवट दाबून ठेवलात तर जळका वास येऊ लागेल. तेव्हा थांबून न्यूट्रल करा आणि दोन मिनिटे जाऊ द्या. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक किंचित सोडला की ती आपोआप सरकते, तिथे सगळा खेळ ब्रेकचाच.

या टप्प्यावर उजव्या बाजूने कोणी येत असेल तर थांबा. तुमचे नाक त्याच्या वाटेत जात आहे. त्याला जाऊ द्या आणि पुन्हा सुरू करा. मध्येच थांबल्याने काही बिघडत नाही. गाडी जिथे होती तिथेच आहे आणि स्टेअरिंगही.

कधी थांबायचे, याची खूण उजव्या आरशात मिळते. सुरुवातीला त्यात मागची गाडी दिसत नाही. गाडी तिरकी होत जाते तसा आधी तिचा रस्त्याकडचा दिवा दिसतो, मग बोनेट, आणि शेवटी फूटपाथकडचा दिवा. दोन्ही दिवे, म्हणजे तिचे पूर्ण तोंड आरशात दिसले की थांबा. तुमची गाडी आता फूटपाथशी साधारण चाळीस ते पंचेचाळीस अंशांचा कोन करून उभी आहे. पंचेचाळीसच्या पुढे जाऊ नका. गाडी जास्त आडवी झाली की मागचे चाक फूटपाथला धडकते आणि नाक सरळ करायला जागा उरत नाही.

जागेच्या मागे गाडीच नसेल तर ही खूण मिळत नाही. तेव्हा डाव्या आरशात बघा: मागच्या दाराची मूठ आणि फूटपाथची कड यांचे नाते मैदानात बघून ठेवलेले असेल तर तेच इथे वापरता येते.

७. सरळ मागे

मघाशी मोजलेले फेरे उलटे फिरवून चाके सरळ करा आणि त्याच तिरक्या रेषेत मागे या. हा टप्पा लहान आहे, पण मुळात तो आहे हेच पुष्कळांना माहीत नसते. ते डावीकडून थेट उजवीकडे काटतात आणि नाक समोरच्या गाडीवर आदळते.

किती मागे यायचे? तुमचा पुढचा डावा कोपरा समोरच्या गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्याला ओलांडून मोकळा होईपर्यंत. बोनेटच्या डाव्या कडेवरून बघा: तिचा मागचा बंपर पूर्ण दिसू लागला की झाले. त्याच वेळी डाव्या आरशात फूटपाथच्या कडेवरही लक्ष ठेवा. मागचे चाक कडेपासून पाऊण-एक फुटावर आले आणि कोपरा अजून मोकळा नाही, तर सुरुवात चुकली आहे. बाहेर या आणि चौथ्या पायरीवर जा.

८. दुसरे वळण: नाक आत

स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण काटा आणि तितक्याच हळू मागे. आता नाक डावीकडे, जागेत शिरते. नजर तीन ठिकाणी फिरती ठेवा: पुढचा डावा कोपरा, डावा आरसा आणि मागची काच. एकाच जागी टक लावून बघितले की बाकीच्या दोन ठिकाणी काहीतरी होते.

डाव्या आरशात गाडीची बाजू आणि फूटपाथची कड समांतर झाल्या की थांबा, चाके सरळ करा. मागच्या गाडीला टेकेपर्यंत जायचे नाही.

९. शेवटचे इंच

पुढे-मागे सरकून दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडा. पुढच्या-मागच्या गाड्यांनाही निघायचे आहे. फूटपाथपासून पंधरा ते तीस सेंटिमीटर अंतर चांगले. अगदी चिकटून लावायचा हट्ट धरू नका. टायरची बाजूची भिंत पातळ असते, कडेला जोरात घासली तर फुगा येतो आणि असा टायर बदलावाच लागतो.

हँडब्रेक ओढा. उतारावर असाल तर चाके वळवून ठेवा. नाक उताराकडे असेल तर पुढची चाके फूटपाथकडे, म्हणजे डावीकडे. नाक चढाकडे असेल आणि फूटपाथला उंच कड असेल तर चाके उजवीकडे, म्हणजे गाडी मागे सरकलीच तर टायर कडेला अडेल. कडच नसेल तर दोन्ही वेळा डावीकडे, गाडी रस्त्यावर न जाता बाहेर जावी म्हणून. गिअरची गाडी चढावर पहिल्या गिअरमध्ये, उतारावर रिव्हर्समध्ये सोडा. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून ठेवून न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय उचलून गाडी हँडब्रेकवर स्थिर होऊ द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून गिअर 'पी'वर (पार्क) टाका. उलट क्रमाने केले तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या छोट्या अडणीवर येतो.

दार उजव्या हाताने उघडू नका, डाव्या हाताने उघडा. शरीर आपोआप वळते आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो.

बिघडले तर काय चुकले ते ओळखा

गाडी समांतर आहे पण कडेपासून लांब राहिली: पहिल्या वळणात कोन कमी झाला, किंवा सरळ मागे पुरेसे आला नाहीत, किंवा सुरुवातीलाच समोरच्या गाडीपासून फार लांब होता.

मागचे चाक फूटपाथला लागले आणि नाक अजून बाहेर: कोन जास्त झाला किंवा दुसरे वळण उशिरा घेतले.

नाक समोरच्या गाडीच्या कोपऱ्याला लागायला आले: दुसरे वळण लवकर घेतले. तिथेच थांबा. तसेच मागे गेलात तर घासेल. थोडे पुढे या, चाके सरळ करा, जरा आणखी मागे जाऊन मग काटा.

लांब राहिलेली गाडी आतल्या आत इकडून तिकडे काटून कडेला आणायचा प्रयत्न लोक करतात. मोठ्या जागेत ते जमते. आखूड जागेत प्रत्येक फेरीला जेमतेम काही इंच मिळतात आणि धीर सुटतो. सरळ बाहेर पडून पुन्हा सुरुवात करणे लवकर होते. दोनदा प्रयत्न करून जमले नाही आणि मागे गाड्या साचल्या, तर इंडिकेटर उजवा करा, निघा, एक चक्कर मारून या. ती जागा गेली तर दुसरी मिळेल.

कॅमेरा, सेन्सर आणि 'येऊ द्या, येऊ द्या'

कॅमेरा असेल तर जरूर वापरा, पण तो बहुधा फक्त मागचे दाखवतो. बाहेर फेकले जाणारे नाक त्याला दिसत नाही. पडद्यावरच्या रेषा स्टेअरिंगबरोबर वाकतात का ते आधी बघा. काही गाड्यांत त्या स्थिर असतात, त्या फक्त सरळ मागे गेल्यास गाडी कुठे जाईल ते सांगतात. सेन्सर बारीक खांब, तार किंवा बुटकी कड ओळखेलच असे नाही. टोयोटाने २००३ मध्ये जपानमध्ये प्रियस गाडीत स्वतःच स्टेअरिंग फिरवून पार्क करण्याची सोय दिली आणि आता ती बऱ्याच गाड्यांत असते. तिच्यावर विसंबण्याआधी हाताने शिका, कारण ब्रेकची आणि आजूबाजूला बघण्याची जबाबदारी बहुतेक वेळा तुमच्याकडेच राहते.

आणि बाहेर उभे राहून हातवारे करणारे मदतनीस! 'येऊ द्या, येऊ द्या… बास!' यातला 'बास' बहुधा उशिरा येतो. मदत घ्यायचीच असेल तर एकाच माणसाची घ्या, त्याला तुमच्या आरशात दिसेल असे उभे करा आणि 'थांबा' म्हणायला तळहात दाखवायचा, एवढे आधी ठरवा. तो आरशातून दिसेनासा झाला की ताबडतोब ब्रेक. तो कदाचित गाडीच्या मागे गेला असेल.

मागचा हॉर्न वाजवतो तेव्हा वेग वाढतो आणि खुणा हुकतात. हॉर्न ऐकू आला की ब्रेक दाबा, एक श्वास घ्या, मग जिथे होता तिथून पुढे सुरू करा. रात्री आणि पावसात मागची काच आधी पुसून घ्या आणि ओल्या चपलेने क्लच दाबू नका. पाय सटकला की गाडी उडी मारते.

१०. बाहेर काढताना

इथे कोणी लक्ष देत नाही आणि म्हणून ओरखडे बऱ्याचदा निघताना पडतात. खाली झुकवलेला डावा आरसा आधी जागेवर आणा. मग मागच्या गाडीपर्यंत सरळ मागे या, म्हणजे पुढे वळायला जागा मिळेल. उजवा इंडिकेटर द्या, आरसा बघा, खांद्यावरून मागे बघा. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे काटून हळू पुढे निघा आणि पुढचा डावा कोपरा समोरच्या बंपरपासून सुटतो आहे ना ते बघा. सुटत नसेल तर चाके सरळ करून आणखी थोडे मागे या.

नाक बाहेर पडले की सुटलो असे वाटून लगेच डावीकडे स्टेअरिंग फिरवले जाते. पण मागची चाके कोपरा कापतात, हे सुरुवातीला बघितले आहे. लवकर डावीकडे वळलात तर तुमचे मागचे डावे दार समोरच्या गाडीच्या बंपरवर घासत जाते. मागचे दार तिच्या कोपऱ्याच्या पुढे जाईपर्यंत तिरकेच जा, आणि मगच लेनमध्ये सरळ व्हा.